फेब्रुवारीत हर की दून: बर्फाचा भरवसा किती?

यवतेश्वर_रनर
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं सातारचे. रोज पहाटे यवतेश्वर घाट चढतो. वासोटा, कमळगड पायाखालचे. गेल्या डिसेंबरात उत्तराखंडात सांकरीहून केदारकंठा केला आणि बर्फाचं वेडच लागलं. आता फेब्रुवारीत तिथल्याच हर की दून दरीचा ट्रेक करायचं म्हणतोय. ट्रेकवाली कंपनीबिंपनी नको, वाटेवरच्या ओसला गावचा ओळखीचा पोर्टर आहे. आईनं टीव्हीवर हिमस्खलन बघितलंय, ती ऐकायला तयार नाही. केदारकंठ्याला तर शाळेतली पोरंपण होती, मग इथंच काय एवढं?

मिरजकर
आईचं ऐका. आमच्याकडं बर्फ फक्त उसाच्या रसात, तोच बरा.

अपशिंगे_सुभेदार
मी अपशिंग्याचा, रिटायर होऊन शेती बघतो. उत्तर काश्मीरला तीन हिवाळे काढलेत.

केदारकंठ्याची वाट बरीचशी झाडीतनं आणि धारेवरनं. हर की दूनची दरीच्या कडेनं जाते आणि वरच्या डोंगराच्या नाळी (उभ्या घळी) एकामागनं एक तिच्यावर उतरतात. तुम्ही सपाटीला चालत असाल, पण बर्फ सुटणार डोक्यावरनं. सुटतो तो बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर. त्याहून उभ्यावर साठतच नाही, थोडा थोडा झडत राहतो. बद्रीनाथजवळच्या माणाला 28 फेब्रुवारी 2025 ला हिमस्खलनात गेलेले कामगार कुठं चढाई करत होते? कँपात होते.

आता बर्फाच्या आतलं सांगतो. सुरुवातीला थोडाच बर्फ पडला आणि पुढं पंधरा-वीस दिवस निरभ्र, कडक थंडी राहिली की तळच्या थराचे दाणे होतात. खड्डा खणून मूठभर उचलायचो. लाडू वळायला जावं तर वळत नाही, कारखान्याच्या जाड साखरेगत बोटांतनं गळतो. मग मोठा बर्फ पडतो, वारा त्याला पल्याडच्या आडोशाला नेऊन थापतो, आणि साखरेवर फरशी ठेवावी तसं होऊन बसतं. फरशी घट्ट लागते म्हणून माणूस बिनघोर चालतो.

एकदा दोन दिवस बर्फ पडून तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन. आमची पार्टी निघाली. एका उतारावर पायाखाली ‘धप्प’ झालं, गोणी आपटल्यागत, आणि माझ्या बुटापासनं एक चीर वीसेक पावलं पुढं पळत गेली. पुढच्या उस्तादानं, म्हणजे आमच्या प्रशिक्षकानं, नुसता हात वर केला. एकेक जण आपल्याच पावलांच्या खड्ड्यांतनं मागं आलो. रात्री त्या उताराचा बर्फ खाली आला. सकाळी वाटेवर पुरुषभर ढीग, टिकाव मारला तर ठण्ण वाजायचा.

यवतेश्वर_रनर
काका, काटा आला अंगावर. पण पोर्टर म्हणतो, दरवर्षी जातो मी. आणि बीकन (गाडलेल्या माणसाचा ठाव देणारं रेडिओ यंत्र) भाड्यानं घेतले तर?

अपशिंगे_सुभेदार
पोर्टरचं पोट रोजावर आहे, ‘जाऊया का’ विचारलं तर तो होच म्हणणार. ‘गेल्या आठ दिवसांत तू स्वतः गेलास का, कुठल्या नाळेतनं बर्फ आला’ असं विचार. बीकन चौघांकडं पाहिजे, जोडीला प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं. पंधरा मिनिटांत काढला तर बहुतेक वाचतात, नंतर आकडा झरझर पडतो. तिथं बाहेरची मदत तेवढ्यात येत नसते, उपसणारे तुम्हीच. माळावर गवतात एक बीकन लपवून शोधायचा सराव केलाय कधी? 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का दांडा-2 शिखरावर निमचे (नेहरू गिर्यारोहण संस्थेचे) 29 हिमस्खलनात गेले, तेही उत्तरकाशीतच, आणि उस्तादांबरोबर होते.

कराडची_भटकी
आम्ही मार्चात ओसलाच्या पुढनं परत फिरलो. एका नाळेत मळकट बर्फात मोडकी झाडं उभी-आडवी रुतलेली, सालं सोललेली. ते बघून कुणी वादच घातला नाही. निघायच्या आधी डीजीआरईची (हिमस्खलनाचा अंदाज देणारी सरकारी संस्था, पूर्वीची सासे) सूचना बघत जा. पण ती अख्ख्या जिल्ह्याची असते, तुमच्या नाळेची नव्हे. माझं मत, एप्रिलअखेर जा.

अपशिंगे_सुभेदार
ताईंचं बरोबर. फक्त एप्रिलात ऊन लागून ओला बर्फ दुपारचा सुटतो. अंधारात निघायचं, नाळी सकाळीच ओलांडायच्या, त्याही एकेकानं. बाकीच्यांनी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. नाळेत फोटो काढत थांबायचं नाही.

यवतेश्वर_रनर
ठरलं, एप्रिल. अंधारात उठायची सवय यवतेश्वरानं लावलीच आहे. आईला मात्र आठवडाभरानं सांगतो, नाहीतर ‘मी म्हणत नव्हते?’ सुरू होईल.