मॅडन २००५ की टूके५? माझं मत टूके५लाच

२००४ मध्ये आलेल्या या दोन अमेरिकन फुटबॉल व्हिडिओ गेम्सपैकी भारी कोणता, या वादात कोणीतरी म्हटलंय की मॅडन २००५ मध्ये हिट स्टिक (जोरदार टॅकल करायचं कंट्रोल) आली तिथेच स्पर्धा संपली. हिट स्टिक भारीच होती, मान्य, कंट्रोलरची उजवी स्टिक झटकन ढकलली की रे लुईससारखा डिफेन्सचा खेळाडू समोरच्याला धाडकन आपटायचा, पण टायमिंग हुकलं की बॉलवाला शेजारून सुसाट निघून जायचा. तरी मला ईएसपीएन एनएफएल टूके५च जास्त आवडतो. त्यातलं टॅकलिंग, म्हणजे बॉलवाल्याला पकडून पाडणं, बघा ना, एकाने कंबर धरलीये, दुसरा येऊन लटकलाय आणि रनर तरीही अजून एक पाऊल पुढे रेटतोय! हाफटाइमला ईएसपीएन चॅनेलचा निवेदक ख्रिस बर्मन तुमच्याच मॅचचे हायलाइट्स दाखवायचा, टीव्हीवर असतं अगदी तस्सं. आणि किंमत फक्त २० डॉलर, मॅडन तेव्हा ५० ला, शेवटी त्यांनाही भाव उतरवावा लागला. मग डिसेंबर २००४ मध्ये मॅडनवाल्या ईए कंपनीने एनएफएलचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे, एक्सक्लुझिव्ह हक्क घेतले आणि टूकेची एनएफएल मालिकाच थांबली, याचं मला आजही वाईट वाटतं. २००७ ला टूकेचाच ऑल-प्रो फुटबॉल टूके८ आला खरा, जेरी राइस, जॉन एलवे असे जुने दिग्गज घेऊन, पण खऱ्या टीमच नाहीत म्हटल्यावर मजा अर्धीच ना. फ्रँचाइज मोड (एकच टीम अनेक सीझन चालवायची) मात्र मॅडनचाच सरस, त्यात वाद नाही.