जुनं मेरी-गो-राउंड आणि त्याचा खरा ऑर्गन: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कुठे बघावा?

निशिगंध: आई-बाबा जुलैत येताहेत, मुक्काम न्यू जर्सीत. लाकडी घोड्यांचं जुनं मेरी-गो-राउंड आणि सोबत खरा बँड ऑर्गन (जत्रेतला, आपोआप वाजणारा पाइपांचा ऑर्गन), असं कुठे आहे? स्पीकरवरची गाणी नकोत. बाबा पेटी वाजवतात, म्हणून ऑर्गनच्या आतलं काही बघायला मिळालं तर उत्तम.

भातेवाला: आई-बाबा येणार म्हणजे नायगारा ठरलेलाच! मग नॉर्थ टोनावांडा चुकवू नका, धबधब्यापासून गाडीने अर्धा तासही लागत नाही. ॲलन हर्शेल कंपनीचा मेरी-गो-राउंडचा जुना कारखाना आता संग्रहालय आहे. तिथल्या १९१६च्या चक्रावर बसताही येतं. वुर्लिट्झरचा ऑर्गन कारखानाही त्याच गावातला. ऑर्गन ज्यावरून गाणं वाजवतो त्या कागदी रोलला भोकं पाडायची त्यांची यंत्रं या संग्रहालयात आहेत.

बाबांना सांगा, या ऑर्गनमध्ये हवेची दोन कामं असतात. दाबाची हवा पाइपांना, ओढीची हवा रोल वाचायला. रोल एका पितळी पट्टीवरून सरकतो. कागदातलं भोक पट्टीवरच्या भोकासमोर आलं की हवा आत शिरते, झडप उघडते, पाइप वाजतो.

रिकामटेकडी: नुसतं ऐकायचं तर वॉशिंग्टनजवळचं ग्लेन एको पार्क. १९२१चं, डेंट्झेल कंपनीने बनवलेलं चक्र, घोड्यांशिवाय ससे, शहामृग, सिंह, वाघ, जिराफसुद्धा. सोबत १९२६चा वुर्लिट्झरचा ‘१६५’ मॉडेलचा ऑर्गन, २५६ पाइपांचा. चक्र हंगामातच चालतं, वेळा बघून निघा.

आईंना घोड्यावर चढायला जमत नसेल तर सरळ चक्रावरच्या रथात (बाकासारख्या आसनात) बसवा. चक्कर येत असेल तर आतली रांग, तिथे वेग कमी. अमेरिकेत चक्र घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे घोड्याची उजवी बाजू लोकांसमोर येते आणि सगळं कोरीवकाम तिकडेच. डावी बाजू साधी. फोटो उजवीकडून काढा.

घोडेबाजार: पेनसिल्व्हेनियातलं नोबेल्स हे मनोरंजन पार्क राहिलं. पार्कात प्रवेश फुकट, पैसे फक्त राइडचे. १९१३चं चक्र, ६३ घोडे, आणि फिरता फिरता चक्राच्या बाजूला लावलेली कडी हात लांबवून ओढायची जुनी प्रथा अजून चालू. पितळी कडी हाती लागली तर पुढची फेरी फुकट. त्यासाठी बाहेरच्या रांगेत बसा आणि कडी मुठीत धरू नका, एका बोटाने ओढा.

निशिगंध: वा, धन्यवाद. पण ऑर्गन रोलवर चालतोय की आत संगणक बसवलाय, हे ओळखायचं कसं? आणि यूट्यूबवर बरेच बेसूर का वाटतात?

भातेवाला: काच किंवा मागचं दार असेल तर कागद सरकताना दिसतो. एकच रोल असेल तर शेवटी तो उलटा गुंडाळेपर्यंत वाजणं थांबतं. दोन रोलची सोय असली की एक वाजतो, दुसरा गुंडाळला जातो, मग खंड पडत नाही.

बेसूरपणाची कारणं वेगवेगळी. दमट हवेत कागद रुंदीत फुगतो, भोकं शेजारच्या स्वरावर सरकतात आणि गाणंच विस्कटतं. एखादा स्वर गायब असेल तर बहुधा पट्टीच्या भोकात कागदाची लव अडकलेली असते. ती बाहेर ओढूनच काढायची. फुंकर मारली तर कचरा थेट झडपेत जातो आणि मग तोच स्वर थांबायचं नाव घेत नाही.

रिकामटेकडी: आणि लहान मूल सोबत असेल तर ऑर्गनच्या तोंडासमोर उभं राहू नका. जत्रेच्या गोंगाटावर मात करायलाच बनवलेला आहे तो, शिवाय ढोलही खराच वाजतो.