गृहकर्ज लवकर फेडायचंय: जुनं सामान विकून फरक पडतो का?

प्रश्न: दांडिया बाजार, बडोदा. कर्ज २५ लाख, ८.५ टक्के फ्लोटिंग (म्हणजे बदलता) व्याजदर, २० वर्षं, हप्ता २१,६९६. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी आणि जुना एसी विकून लाखभर उभे राहतील. उपयोग होईल?

उत्तर १: नक्की! पहिल्या हप्त्यातले १७,७०८ व्याजातच जातात, मुद्दल फिटतं फक्त ३,९८८. सुरुवातीलाच १ लाख भरलेत तर साधारण २३ हप्ते वाचतात, म्हणजे जवळजवळ चार लाख व्याज. पण बँकेत लेखी द्या: ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा.’ हप्ता कमी करून घेतलात तर हा फायदा बराच घटतो. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क लागत नाही.

उत्तर २: भांडी घरीच तोला, तांबं वेगळं, पितळ वेगळं. एकत्र दिलीत तर सगळ्याला पितळेचाच भाव लावतात. लोखंडी कड्या आधी काढा, नाहीतर त्यांच्या नावाखाली वजन मनाला येईल तसं कापतात. एसी चालू असेल तर भंगारात देऊच नका.

उत्तर ३: आणि महिन्याचं बजेट? कर्जात जादा भरायला पगाराच्या दिवशीच ३,००० वेगळ्या खात्यात टाका. महिनाअखेर उरेल ते भरू म्हटलं की काही उरत नाही.