टॉक्सापेक्सवर बंदी कशाला?
कॉलेज रोडच्या आपल्या रविवारच्या पोकेमॉन मॅचेसमध्ये टॉक्सापेक्स हा पोकेमॉन नकोच, त्याच्यामुळे खेळ संपत नाही, असं ग्रुपमध्ये कोणीतरी म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. त्याचा बेस (मूळ) डिफेन्स 152, स्पेशल डिफेन्स 142, पण एचपी, म्हणजे जीव, फक्त 50! खरा त्रास त्याच्या रीजनरेटर या अंगच्या क्षमतेचा, बदलून बाहेर गेला की एक तृतीयांश एचपी परत. पण तो बाहेर जातो तेव्हा मार त्याच्या जागी येणारा खातो, त्यालाच टार्गेट करा ना. टॉन्ट ही मूव्ह मारा, एचपी भरून काढणारी त्याची रिकव्हर मूव्ह बंद. गेमच्या नवव्या जनरेशनमध्ये तर त्याच्या स्कॅल्ड, नॉक ऑफ या दोन्ही मूव्ह गेल्या आणि रिकव्हरचे पीपीही (ती किती वेळा वापरता येते तो आकडा) निम्मे झाले. वॉबफेट या पोकेमॉनची गोष्ट वेगळी, त्याच्या शॅडो टॅग क्षमतेमुळे समोरच्याला आपला पोकेमॉन बदलताच येत नाही. तिथे बंदी रास्तच. इथे तुमचा हात कोणी धरलाय? त्याला भारी पडणारी, गार्चॉम्प या पोकेमॉनची अर्थक्वेक मूव्ह आणा, मग बोलू.