‘लो-बॅकग्राउंड डिटेक्टर’मधल्या बॅकग्राउंडला काय म्हणायचं? पार्श्वभूमी, गोंगाट की गाज?

अ‍ॅक्सिऑनवर मराठीत लेख लिहितेय आणि तीन दिवस ह्या एका शब्दावर अडकलेय. पार्श्वभूमी म्हटलं की मला घराण्याची नाहीतर नाटकातल्या पडद्याची आठवते, आणि इथे तर ती म्हणजे कण टिपणाऱ्या डिटेक्टरात येणाऱ्या नको असलेल्या नोंदी, त्या मोजायच्या आहेत, कमी करायच्या आहेत.

मामला असा, सूर्याच्या गाभ्यात अ‍ॅक्सिऑन नावाचे कण तयार होत असतील तर जोरदार चुंबकीय क्षेत्रात त्यांचे एक्स-रे व्हायला हवेत. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या कास्ट प्रयोगात ९ टेस्लाचं, जवळपास १० मीटर लांब चुंबक सूर्यावर रोखायचे, उगवताना दीड तास नि मावळताना दीड तास. एक्स-रे आले तर मोजकेच येणार, पण आकाशातून येणारे म्युऑन कण, भिंतीतले गॅमा किरण, खुद्द डिटेक्टरच्या धातूतला किरणोत्सर्ग हे सगळं चोवीस तास चालूच. म्हणून शुद्ध तांबं, भोवती शिसं, तेही शक्यतो जुनं, कारण ताज्या शिशात किरणोत्सर्गी लेड-२१० असतं आणि ते निम्मं व्हायलाच २२ वर्षं लागतात.

प्रतिसाद : सरळ गोंगाट म्हणा की, सगळ्यांना कळेल.

नको हो, गोंगाट मी नॉइजसाठी ठेवलाय, म्हणजे सर्किटची स्वतःची खरखर. बॅकग्राउंडमधले कण खरेच येऊन आदळतात, फक्त ते सूर्याकडून आलेल्या अ‍ॅक्सिऑनचे नसतात. शिवाय कास्टच्या चांगल्या, मायक्रोमेगास जातीच्या डिटेक्टरात एका चौरस सेंटीमीटरवर, ऊर्जेच्या एक केईव्ही (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) रुंद पट्ट्यात साधारण साडेअकरा दिवसांत एक नोंद, एवढंच बॅकग्राउंड उरलं होतं, आणि पुढच्या आयाक्सो प्रयोगाला त्याच्याही दहावा हिस्सा नाहीतर अजून कमी हवंय. याला गोंगाट कसं म्हणू?

माझ्या मनात गाज आहे. आमचं घर मालवणजवळ, अगदी दर्याला लागून. आजी रात्री पडवीत बसून आजोबांच्या होडीचं मशीन ऐकायची, मला नुसती गाज ऐकू यायची आणि ती मधेच उठून म्हणायची, “इली”, नि चुलीवर पाणी ठेवायला जायची. तिला कळायचं कारण रिकाम्या रात्रींची गाज तिला पाठ होती. कास्टवालेही तेच करायचे, चुंबक सूर्यावर नसताना दिवसाचे उरलेले तास नोंदी घ्यायच्या, ती गाज, आणि मग सूर्यासमोरच्या तीन तासांत तिच्यावर काही जास्त ऐकू येतंय का बघायचं.

प्रतिसाद : पण गाज नि मशीन कानाला वेगळे लागतात, इथे तर एक्स-रेसारखाच एक्स-रे. तांदळातला पांढरा खडा जवळचा वाटतो.

हे पटलं. एकेका खोट्या नोंदीला खडा छान बसतो, तांदूळ निवडताना हात ज्या दाण्यावर अडतो तोच. पण दराला गाजच ठेवते, “खडे निवडून गाज खाली आणली” असं वाक्य लिहून पाहिलं, जमतंय. आता एवढंच सांगा, तुमच्याकडे गाजेचा म्हणतात की गाजीचा? ‘कमी गाजेचा डिटेक्टर’ माझ्या कानाला बरा लागतो, पण रत्नागिरी, अलिबागकडच्या लोकांनी सांगावं.