लॉबीचं सीलिंग आणि शाफ्टमधली भोकं

(टिळकवाडी, बेळगाव. खाली पार्किंग, वर तीन मजले. अपार्टमेंट असोसिएशनचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.)

सेक्रेटरी (१०२): नमस्कार मंडळी. पार्किंगमधल्या लिफ्ट लॉबीला आणि मीटर बोर्डासमोरच्या पट्ट्याला फॉल्स सीलिंग करायचं मागच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं. कॉन्ट्रॅक्टरनं पीव्हीसी पॅनेलचं कोटेशन दिलंय, गणपतीच्या आधी काम पुरं करतो म्हणतोय. डिझाइनचे फोटो टाकलेत. कुणाची हरकत असेल तर रविवारपर्यंत सांगा.

२०२: लाकडी फिनिशवालं घ्या, छान दिसेल.

१०३ वहिनी: भावजी, आमचं पण एक काम त्यातच धरा की. बाथरूमच्या छताचा गिलावा पडलाय, सळया दिसायला लागल्यात. वरची गळती थांबली, पण छत तसंच आहे. खालनं पीव्हीसी मारलं की काही दिसणार नाही, असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला.

३०१ काका: सेक्रेटरीसाहेब, माझी हरकत आहे. मीटर बोर्डाच्या डोक्यावर पीव्हीसी नको. आणि वहिनी, उघडी सळई झाकू नका, ती आधी दुरुस्त करायची. सविस्तर संध्याकाळी लिहितो.

२०२: काका, पॅनेल फायर रिटार्डंट आहेत, ब्रोशरवर लिहिलंय. आणि त्याच्या वर सिमेंटचा स्लॅब आहेच. सिमेंट कुठं जळतंय?

३०१ काका: जळत नाही, बरोबर. पण आगीच्या वेळी मजल्यानं तीन कामं करायची असतात. वजन पेलत राहायचं. भेग पडून ज्वाळा वर जाऊ द्यायच्या नाहीत. आणि वरच्या घरातली फरशी इतकी तापू द्यायची नाही की तिथली सतरंजी पेटावी. चाचणीच्या भट्टीत खालून आग देऊन हे मोजतात. भट्टीचं तापमान अर्ध्या तासात ८४२ अंश सेल्सिअस, तासाभरात ९४५, दोन तासांत १,०४९ असं ठरल्याप्रमाणे चढवत नेतात. तेवढा वेळ वरच्या बाजूची सरासरी वाढ १४० अंशांच्या आत राहिली पाहिजे आणि वर ठेवलेलं वजन खाली येता कामा नये. दोन तासांचा मजला म्हणतात तो असा.

ब्रोशरवरच्या त्या दोन शब्दांचा याच्याशी संबंध नाही. पॅनेल काडीनं चटकन पेटत नाही, एवढंच त्यातून कळतं. मोठ्या आगीत पीव्हीसी मऊ होऊन खाली लोंबतं, काळा दाट धूर सोडतं आणि त्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो. डोळे आणि घसा इतके झोंबतात की माणसाला जिना सापडत नाही. आपला जिना लॉबीतूनच जातो. तिन्ही मजल्यांना उतरायला तो एकच आहे. सीलिंग सुंदर असो नसो, त्या वाटेवर धूर करणारी वस्तू टांगायची नाही, हे माझं पहिलं म्हणणं.

२०२: मग आपला स्लॅब किती तासांचा?

३०१ काका: आयएस ४५६ या काँक्रीटच्या बांधकामासाठीच्या २००० सालच्या भारतीय कोडमध्ये तक्ता आहे. अर्ध्या तासासाठी स्लॅबची जाडी किमान ७५ मिमी, एका तासाला ९५, दोन तासांना १२५, चार तासांना १७०. आपला स्लॅब पाच इंची, म्हणजे जाडीच्या हिशेबानं दोन तासांत बसतो. पण जाडी निम्मीच गोष्ट झाली. खालच्या सळईखाली काँक्रीट किती आहे, ज्याला साइटवर कव्हर म्हणतात, ते तितकंच महत्त्वाचं. दोन तासांसाठी सलग स्लॅबला २५ मिमी लागतं, नुसत्या दोन भिंतींवर टेकलेल्या सुट्या स्लॅबला ३५. लोखंड साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापलं की त्याची ताकद साधारण निम्म्यावर येते. सळईला तिथपर्यंत पोहोचू न देणं हे त्या इंचभर काँक्रीटचं काम.

आता वहिनींच्या बाथरूमकडे बघा. तिथं कव्हर शून्य आहे. बाकी घराचा स्लॅब दोन तास टिकेल आणि तेवढ्या जागची सळई पहिल्या काही मिनिटांतच तापू लागेल. पीव्हीसी मारल्यानं फरक इतकाच पडेल की गंज किती वाढला ते कुणाला दिसणार नाही.

१०३ वहिनी: बाई गं. आम्हाला वाटलं नुसतं दिसायलाच वाईट आहे.

२०४ मामा: आपले इंजिनिअर काका म्हणतात त्याला माझी जोड घ्या. उद्यमबागेत फाउंड्रीत आयुष्य काढलंय मी. ओतकामाच्या जागी आम्ही कधी उघडं काँक्रीट ठेवत नव्हतो, वर वाळूचा जाड थर असायचाच. कारण काँक्रीट कोरडं दिसलं तरी आत ओल असते. तेराशे-चौदाशे अंशांचं रसरशीत लोखंड त्यावर सांडलं की आतल्या पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला जागा मिळत नाही आणि काँक्रीटचे टवके सुटून गोळीसारखे उडतात. नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, की लाडल म्हणजे रस ओतायचं भांडं, साचा, फरशी, कुठंच ओल नको.

३०१ काका: मामा, अगदी नेमकं बोललात. घराच्या आगीत तापमान तितकं नसतं, पण घडतं तेच. ओला स्लॅब जास्त टवके टाकतो आणि प्रत्येक टवक्याबरोबर कव्हर जातं. आपल्याकडचा पावसाळा कसा असतो सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून गळती थांबवणं हे आगीच्या दृष्टीनंही पहिलं काम. ज्या स्लॅबला आग लागून गेलीय त्याचं काँक्रीट काही वेळा गुलाबी पडलेलं दिसतं. तीनशे अंशांच्या पुढं तापल्याची ती खूण. तिथं नुसता गिलावा आणि रंग मारून राहायला जायचं नसतं.

३०३ मावशी: माझा एक प्रश्न आहे. शहापुरात आमचं माहेरचं घर लाकडी माडीचं. सागवानी तुळया, त्यावर फळ्या, वर मातीचा चांगला वीतभर थर, आणि दर आठवड्याला सारवण. खाली चूल दिवसभर चालायची. मग ते घर म्हणजे आगीचं आमंत्रणच होतं का?

३०१ काका: मावशी, तुम्हाला वाटतं तितकं नाही. जाड तुळई पेटते, पण बाहेरून कोळसा होत जातो आणि तो कोळसाच आतलं लाकूड झाकतो. साधारण मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर या चालीनं ती जळते, त्यामुळं नऊ इंची तुळई बराच वेळ वजन धरून राहते. मातीचा थर तर फारच कामाचा. माती जळत नाही, उष्णता वर जाऊ देत नाही, आणि फळीच्या फटीतून ज्वाळा वर येण्याची वाट बुजवते. अथणीकडं कोरड्या मुलखात धाब्याची घरं बांधायचे, तिथंही डोक्यावर जाड मातीच. धोका होता तो पातळ फळ्यांना, उघड्या फटींना आणि माळ्यावर भरलेल्या वैरणीला.

याउलट इंग्रजांच्या काळातल्या इमारतींत लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये विटांच्या बुटक्या कमानी असायच्या. लाकूड नाही म्हणून तो मजला अग्निरोधक समजला जायचा. पण गर्डरची खालची पट्टी उघडीच राहायची आणि आगीत तीच आधी वाकायची. १८७१ साली शिकागो शहर जळालं, त्यानंतर तिकडच्या इमारतींत भाजक्या मातीच्या पोकळ विटांचे मजले वाढले. त्यात पुढं गर्डरची खालची बाजूही विटेनं झाकायला लागले. लोखंड झाकलं पाहिजे हे ज्ञान तेव्हापासूनचं आहे.

३०४: काका, मग गच्चीवर आपण एमएस, म्हणजे साध्या पोलादाचे, गर्डर आणि पत्र्याचा हॉल म्हणत होतो, त्याचं काय?

३०१ काका: उघडं एमएस साधारण पाव तास ते वीस मिनिटांत मान टाकू शकतं. हॉल करायचा असेल तर गर्डरला आग अडवणारा बोर्ड किंवा व्हर्मिक्युलाइट या हलक्या, न जळणाऱ्या खनिजाचा गिलावा हवा. तो विषय वेगळा मांडा, आत्ता यात नको.

सेक्रेटरी (१०२): ठीक. मग लॉबीला काहीच करायचं नाही का? पाइप आणि वायरी लोंबताहेत, पाहुणे येतात तेव्हा बरं दिसत नाही.

३०१ काका: करा की. जिप्सम बोर्ड किंवा पीओपी करा. दोन्ही मूळचे एकच, जिप्सम. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा हे त्यात बांधलेलं पाणी असतं. आग लागली की आधी त्या पाण्याची वाफ व्हावी लागते, आणि ती पुरती होईपर्यंत बोर्डाची मागची बाजू शंभर अंशांच्या आसपास अडून राहते. आगीसाठी वेगळा बोर्ड मिळतो, गुलाबी कागदाचा, आत काचतंतू घातलेला. पाणी सुटल्यावरही तो लवकर फाटून पडत नाही. हिरवा बोर्ड ओलीसाठी, तो वेगळा, दुकानदारानं तोच पुढं केला तर घेऊ नका.

पण बोर्ड गुलाबी घेतला म्हणजे सीलिंग तासाचं झालं असं होत नाही. चॅनेल, स्क्रूमधलं अंतर, सांध्याची टेप या सगळ्यासकट त्याची चाचणी झालेली असते. तेव्हा रिपोर्ट मागायचा आणि काम त्याबरहुकूम करून घ्यायचं. त्यात डाउनलाइट, म्हणजे सीलिंगच्या आत बसणारे दिवे, लावायला वीस भोकं पाडली तर आग तिथूनच वर जाणार. दिवे बाहेरून बसवा. थर्माकोलची नक्षी तर कुठंच नको. ते वितळून पेटते थेंब खाली टाकतं.

सगळ्यात वरचढ गोष्ट मात्र सीलिंगची नाहीच. मीटर बोर्डामागचा शाफ्ट, म्हणजे वायरी वर नेणारी उभी पोकळी, कुणीतरी टॉर्च घेऊन बघून या.

२०२: आत्ताच खाली जाऊन आलो. फोटो टाकतोय. प्लायवूडचं दार उघडलं की सरळ वर तिसऱ्या मजल्यापर्यंत उजेड दिसतो. प्रत्येक स्लॅबला हात-सव्वा हात लांबीचं भोक आहे, त्यातून मेन केबली, केबलटीव्हीच्या आणि इंटरनेटच्या वायरी गेल्यात. पहिल्या मजल्याच्या भोकात सिमेंटची रिकामी पोती आणि प्लास्टिकच्या पिशव्या कोंबल्यात, वर कबुतराचं घरटं. कडेला कुणीतरी पिवळा फोम मारलाय. वायरींवर बोटभर धूळ. तळाला जुन्या रंगाचे डबे आणि थिनरची बाटली.

१०३ वहिनी: थिनर मीटरखाली? कुणी ठेवलं हे?

सेक्रेटरी (१०२): वॉचमनला आत्ताच काढायला सांगतो.

३०१ काका: मला हेच म्हणायचं होतं. दोन तासांचा स्लॅब आपण घातला आणि त्याला मधोमध हातभर भोक ठेवलं. अशा शाफ्टमधून आग चुलीच्या धुराड्यासारखी वर ओढली जाते. बेंगळुरूची कार्लटन टॉवर्स आठवते ना? २३ फेब्रुवारी २०१०. विजेच्या डक्टमधली आग, धूर वरच्या मजल्यांवर भरला, लोकांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. नऊ माणसं गेली. त्या इमारतीचे स्लॅब कोसळले नव्हते. माणसं धुरानं आणि उड्यांनी गेली.

आपली इमारत पंधरा मीटरच्या आतली, म्हणून नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये ती हाय-राइज धरत नाहीत. पण तेवढ्यावरून धूर आपल्याला सोडणार नाही. शिवाय पार्किंगमध्ये आता इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लागतात.

२०२: मग बुजवायचं कसं? तोच फोम सगळीकडं?

३०१ काका: तो फोम मुळीच नको. साधा पीयू फोम स्वतःच जळतो, खरवडून काढा. प्रत्येक मजल्यावर केबली स्लीव्हमधून, म्हणजे स्लॅबमध्ये बसवलेल्या नळीच्या तुकड्यातून, घ्यायच्या आणि बाकी भोक काँक्रीटनं स्लॅबच्या जाडीइतकं भरायचं. स्लीव्ह आणि केबलच्या मधल्या फटीत रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची न जळणारी लोकर, दाबून वरून फायर सीलंट भरायचा. हा सीलंट तापला की फुगतो. केबलचं प्लास्टिक जळून जी जागा रिकामी होईल ती तो भरून काढतो. पुढं कुणी इंटरनेटवाला नवी वायर टाकायला आला तर एक मोकळा स्लीव्ह आधीच ठेवायचा, त्याचंही तोंड बंद करून. नाहीतर तो छिन्नीनं भोक पाडणार आणि तसंच सोडून जाणार.

चालू लाइनवर हे काम करायचं नाही. वीज कंपनीला, म्हणजे हेस्कॉमला, अर्ज देऊन सप्लाय बंद करून घ्या, लायसन्सवाला वायरमन उभा असू दे. प्लायवूडच्या दारांच्या जागी फायर रेटेड दारं घ्या, तीही रिपोर्ट बघून.

२०४ मामा: कॉन्ट्रॅक्टरला प्रत्येक मजल्याचा बुजवायच्या आधीचा आणि नंतरचा फोटो मागा. एकदा दार बंद झालं की आत काय भरलंय कुणाला कळतंय?

३०४: पैसे मात्र सीलिंगपुरतेच मंजूर झालेत.

३०३ मावशी: मग सीलिंग पुढच्या वर्षी करू. वायरी लोंबताना दिसल्या तर दिसू देत. माझी खोली त्या शाफ्टला लागून आहे, आणि मला तिसऱ्या मजल्यावरून भराभर उतरता येत नाही.

२०२: मावशींना माझा पाठिंबा. लाकडी फिनिशचं मी म्हटलं होतं ते सोडा.

सेक्रेटरी (१०२): मंडळी, बहुतेकांचा कल कळला. पीव्हीसीचं कोटेशन परत करतो. आधी शाफ्ट, मग १०३ चं छत, उरलं तर लॉबीला जिप्सम. काका, तुम्ही भोकांची मापं घेऊन दिलीत तर दोन-तीन ठिकाणांहून दर मागवतो. हेस्कॉमचा अर्ज मी सोमवारी देतो.

३०१ काका: रविवारी सकाळी दहाला मापं घेतो. २०२, तुम्ही शिडी धरायला या. वहिनी, तुमच्या छताचं असं: सैल काँक्रीट ठोकून काढायचं, सळई तारेच्या ब्रशनं पांढरी होईपर्यंत घासायची, गंजरोधक प्रायमर, मग पॉलिमर मॉर्टर थराथरानं, पूर्वीचं कव्हर परत मिळेपर्यंत. सळई बरीच खाल्ली गेली असेल तर शेजारी नवीन बांधावी लागेल. गवंडी नुसता पीओपी फासून देतो म्हणाला तर नाही म्हणा. खर्च तुमचा की वरच्यांचा, ते मीटिंगमध्ये बघू.

१०३ वहिनी: काका, आणखी एक. बाथरूमच्या स्लॅबमधून वरचा पीव्हीसी पाइप खाली येतो, त्याच्या भोवती पण बोटभर फट आहे. पाइप जळाला तर तिथं चार इंची भोकच राहील ना?

३०१ काका: बरोबर ओळखलंत. त्याला फायर कॉलर मिळते, स्लॅबच्या खालच्या बाजूनं पाइपभोवती बसवायची. तापली की आतला थर फुगून मऊ झालेला पाइप चिरडतो आणि भोक बंद करतो. भोवतालची फट आधी मॉर्टरनं भरायची. पाइप ११० मिमीचा आहे का, तेवढं टेपनं मोजून ग्रुपवर टाका, तीही यादीत घालतो.

१०३ वहिनी: ११० च आहे. आत्ताच मोजला.