मदत हवी आहे: लीशमॅनियाच्या लसीचा प्रयोग, प्रतिजन न घातलेल्या वेलमध्येही (प्लेटच्या खळग्यातही) इंटरफेरॉन

बाल्ब/सी जातीच्या उंदरांवर लीशमॅनिया मेजर या परजीवीची मृत-परजीवी लस तपासतोय. प्रोमॅस्टिगोट (परजीवीचं शेपटीवालं रूप) १० टक्के फीटल बोवाइन सिरम (गाईच्या गर्भाच्या रक्ताचं सिरम) असलेल्या माध्यमात वाढवले, पीबीएस या क्षारद्रावणाने एकदा धुतले, ६ वेळा गोठवून-वितळवून लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्राव) केला. प्रत्येकी ५० मायक्रोग्रॅम प्रथिन, सोबत प्रतिकार चेतवणारं सीपीजी (डीएनएचा तुकडा). ३ आठवड्यांच्या अंतराने त्वचेखाली दोन डोस. मग प्लीहेच्या पेशी काढून ७२ तास वाढवल्या आणि त्यांनी सोडलेलं इंटरफेरॉन एलायझा चाचणीने मोजलं.

अडचण अशी: लस दिलेल्या गटात नुसत्या माध्यमातल्या पेशीही इंटरफेरॉन गॅमा (टी-पेशी सोडतात तो प्रतिकाराचा संकेत-रेणू) सोडतात, सुमारे ९०० पिकोग्रॅम प्रति मिली. लायसेट (म्हणजे प्रतिजन) घातला की १३०० च्या आसपास, म्हणजे फरक जेमतेम. फक्त सीपीजी दिलेल्या गटात मात्र माध्यमातलं वाचन ५० च्या आत आहे. त्यामुळे माध्यमातल्या एंडोटॉक्सिनवर (जिवाणूंच्या विषारी अंशावर) माझा संशय नाही. ते असतं तर दोन्ही गट चढले असते.

माझा अंदाज सिरमवरच आहे. परजीवींना चिकटलेली गाईची प्रथिनं लसीबरोबर टोचली गेली आणि पेशी वाढवायच्या माध्यमात तेच १० टक्के सिरम! टी-पेशी परजीवीला नव्हे, गाईच्या सिरममधल्या अल्ब्युमिन प्रथिनाला ओळखत असाव्यात.

आता प्रश्न. पुढच्या खेपेला परजीवी पाच वेळा धुणं पुरेल, की शेवटचे काही तास सिरमविना ठेवावेत? आणि हातात असलेले उंदीर वाचवायला पेशी १ टक्का उंदराच्या सिरममध्ये ७२ तास तग धरतात का? कॉनकॅनाव्हॅलिन-एचं (सगळ्या टी-पेशींना चेतवणारं नियंत्रण) वाचन त्यात किती घसरतं? आयएल-१० (प्रतिकार आवरणारा संकेत-रेणू) सुद्धा मोजायचंय, त्यामुळे नुसती पार्श्वभूमी वजा करून भागणार नाही.